टाकी मी पिली नाही

मी भांडी धुणारी मशीन बोलतेय. आठ दिवस ओरडत होते, पाणी मी पीत नाही. पण माझ्यावर कुणाचाच विश्वास नाही. उलट मीच खोटारडी!

राहात्याजवळच्या या घरात मला सृष्टीनं आणलं, तिच्या आईसाठी. गोजरबाईंचे हात बघा एकदा. साबणानं सोललेले, भेगांतून रक्त येतंय. डॉक्टर म्हणाले, हात कोरडे ठेवा. आठ माणसांची उष्टी भांडी, कुठून ठेवणार कोरडे?

सहादेव मिस्त्रीनं मला बसवलं. मोठ्या पिनेचा बोर्ड लावला, अर्थिंग तपासलं, नळ जोडला. घाण पाण्याचा पाईप कमरेएवढा उंच हुकाला टांगून मग बाहेरच्या गटारीत सोडला.

दोन दिवस मी झकास भांडी धुतली. तिसऱ्या दिवसापासून आत पाणी ठरेचना. नळातून यायचं आणि पाईपातून निघून जायचं. गच्चीवरची टाकी रिकामी.

"ही मशीन हाय का म्हैस?" गोजरबाईंचे मालक, सृष्टीचे बाबा, कडाडले. "आख्खी टाकी पिली!"

मी पीं पीं करून सांगत होते. त्यांनी बटण दाबून मला गप्प केलं. माणसांचं हे असंच. ओरडणाऱ्याचंच तोंड आधी दाबायचं.

गोजरबाई हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून पुन्हा भांडी घासायला बसल्या. जाता-येता मला पुसायच्या. "नीट ऱ्हा गं बाई. तू गेलीस तर माज्या हाताचं कसं?"

शेवटी मला परत न्यायला टेम्पो आला. सृष्टीनं सहादेवलाही बोलावलं होतं, कनेक्शन चुकवलं म्हणून झापायला. तो वाकला, बघितलं आणि उखडला.

"पाईप हुकावरून कुनी काढला? खाली लोळतोय, पानी ऱ्हाईल कसं आत?"

मालकांनी टोपी मागं सारली. "म्याच. पानी वर चढतं व्हय कुठं? पाटाला उतार लागतो. बिचारीला दम लागंल म्हनून सरळ केला."

म्हणजे माझी कीव करून मलाच बुडवलं होतं!

पाईप वर गेला. मी भांडी धुतली. टेम्पो रिकामा गेला. ऐका, तो पाईप आता तिथंच राहू द्या.

भिंतीपलीकडून शेजारच्या बनुबाईंनी विचारलं, "कुनाची चूक निघाली गं?"

तीस वर्षांत गोजरबाईंनी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. 'अहो', नाहीतर 'सृष्टीचे बाबा'. आज माझ्यातलं गरम, कोरडं ताट त्यांनी छातीशी धरलं, हसल्या आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "गहिनीनाथ!"