भलत्या वेळचं हसू

केंकीची, मक्याच्या उकडलेल्या उंड्यांची, टोपली डोक्यावर घेऊन निघालेली एवुरासी ठेचकाळून पडली आणि माझी कुकुवा हसत सुटली. कपाळ फुटलं होतं पोरीचं, तरी हिचं हसू थांबेना. त्याला दोन आठवडे झाले होते. एवुरासी हिच्याशी बोलत नव्हती. नऊ वर्षांच्या माझ्या लेकीला तेवढी एकच मैत्रीण.

केप कोस्टच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हिला एडीएचडी आहे. भावना कमी नाहीत हो, सगळ्या एकदम दारात गर्दी करतात. कधीकधी चुकीचीच आधी बाहेर पडते."

रविवारी मी तिला बजावलं, "प्रवचन संपलं की जा आणि हळू आवाजात माफी माग."

"संपेपर्यंत विसरले तर?"

"मी आठवण करून देईन, बाई!"

आम्हा घानातल्या फांटी लोकांच्या चर्चमध्ये पाळक बोलत असतानाच एखादी म्हातारी गाणं उचलते, बाया साथ धरतात, पाळक मुकाट थांबतात. मला तर त्यासाठीच रविवार हवा असतो. पण तो मान म्हाताऱ्यांचा. पोरांनी तोंड मिटून बसायचं.

त्या दिवशी प्रवचनात बायबलमधल्या हागारचं, रानात हाकललेल्या दासीचं, रडणं चाललं होतं. पाळकांचा आवाज चढला आणि कुकुवा बाकावर उभीच राहिली.

"एवुरासी! मला रडू येत होतं! हसू आलं!"

मी तिचा झगा ओढला. पुढच्या बाकावरून एवुरासीची आई फणकारली, "कुलूप लाव गं पोरीच्या तोंडाला!" गेली, ही मैत्रीणही गेली.

पण नेहमी गाणं उचलणाऱ्या म्हाताऱ्या एसुओन मावशींना कमी ऐकू येतं. त्यांना वाटलं, कुणीतरी गाणंच उचललं. डोळे मिटून त्यांनी सूर लावला, "रडू येत होतं, देवा, हसू आलं..." पांढऱ्या कपड्यांतल्या साऱ्या बाया उठल्या, टाळ्या घुमल्या.

गाणं ओसरल्यावर पाळक घाम पुसत म्हणाले, "हागारची मालकीण सारा, म्हातारपणी मूल होईल असं देवानं सांगितलं तेव्हा तीही भलत्याच वेळी हसली होती. देवानं टाकलं का तिला?"

"नाही!" सगळं चर्च ओरडलं.

एवुरासी मागे वळली होती. "खरंच रडू येत होतं?"

"रक्त होतं ना. मी घाबरले."

"मग तसं सांगायचं, येडे." ती सरकली. "ये इकडे. गप बस पण."

तिच्या आईनं डोळे वटारले, पण पाय आवरून जागा केली. कुकुवा बाक ओलांडून गेली ती नेमकी एवुरासीच्या पायावर.

"आई गं!"

"चुकलं, चुकलं!"

हसू दाबायला मी तोंडाला रुमाल लावला. शेजारीण वाकून म्हणाली, "काय झालं गं?"

"काही नाही," मी म्हटलं, "प्रवचन फार छान रंगलंय."