नैवेद्याआधीची चव

जगदेवी रोज अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून इष्टलिंगाची पूजा करी. नैवेद्य दाखवल्याशिवाय स्वयंपाकातला कण तोंडात घालत नसे. केस पिकायला लागले, तरी उकळत्या वरणाचा थेंब तिनं कधी जिभेवर घेतला नव्हता. मीठ हाताला कळायचं. रेणापूरकडच्या सगळ्या सोयऱ्यांत त्या हाताचं नाव होतं.

तोच हात घेऊन ती शाळेत खिचडी शिजवायला लागली. पहिल्या दिवशी जुनी स्वयंपाकीण तारामती तिला सगळं दाखवत होती.

"आधी आपण चव बघायची, मग सर बघणार, मगच लेकरांना. नियम हाय तसा," ती म्हणाली. "मी तेवढी भाजी घेऊन येते. तुम्ही बघून ठेवा."

डाळ-तांदूळ रटरटत होते. जगदेवीनं ओंजळीनं मीठ टाकलं, वास घेतला. पळी तोंडाशी नेली आणि तशीच खाली ठेवली. लेकरं म्हणजे देवच की. त्यांच्या ताटात आपलं उष्टं कसं वाढायचं?

मुख्याध्यापक अमृतराव सर गाडीला किक मारता मारता म्हणाले, "ताई, बघितली ना चव? मला मीटिंगला उशीर होऊन राहिला."

"हाव," ती म्हणाली. म्हणताना हात सवयीनं गळ्यातल्या इष्टलिंगाकडे गेला होता. तो तिनं गुपचूप खाली घेतला.

पंगत बसली. पहिला घास घेऊन एक पोरगं ओरडलं, "मावशी, मीठ फुकट वाटून राहिले का कुठं?" सगळी हसली. मग हसणं थांबलं आणि पाण्यासाठी रांग लागली. ज्यांच्या दप्तरात घरची भाकर होती त्यांनी ताटं सरकवली.

दुसरीतल्या तनुजाच्या दप्तरात भाकर नव्हती. ती ताट घेऊन नळावर गेली, खिचडीत पाणी सोडलं, हातानं अडवून निथळवलं, आणि ते पांढरे पडलेले तांदूळ तिथंच उभ्यानं खाऊ लागली.

जगदेवीला तिच्याकडे बघवेना आणि दुसरीकडेही बघवेना.

तारामतीनं बोटभर चाखलं. "आगं बाई, मी आधणातच मीठ घातलेलं. सांगायचं राहिलं. पण तुम्ही चव बघितली होती ना?"

जगदेवी सरकवलेली ताटं गोळा करायला लागली.

सर परत आले, पोरांचं ऐकलं आणि तारामतीवरच घसरले. "इतकी वर्षं झाली, अजून मीठ कळत न्हाई? नव्या बाईला काय शिकवणार तुम्ही?"

तारामतीनं मान खाली घातली. नाव घेतलं नाही, एकदा नुसतं जगदेवीकडे बघितलं.

"सर, त्यांचं काही चुकलं न्हाई," जगदेवीचा आवाज तिलाच नीट ऐकू येईना. "त्यांनी सांगितलं होतं. मीच चव बघितली न्हाई."

"मग हाव का म्हणालात?"

नैवेद्याचं सांगता आलं असतं. पण ते सांगणं म्हणजे आपली चूक देवाच्या माथी मारणं. ती पदराचं टोक पिळत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी खिचडी शिजल्यावर तिनं तळहातावर थोडी घेतली. हात तीर्थ घेतल्यासारखाच झाला होता. डोळे मिटले, जीभ लावली. घशाखाली उतरायला वेळ लागला. मीठ कमी होतं. चिमूटभर टाकून तिनं पुन्हा चाखलं.

तनुजा ताट छातीशी धरून दारात उभी होती. "मावशी, आज खाऊन बघितली का तुम्ही?"

"हाव," जगदेवी म्हणाली, पण तिच्या डोळ्याला डोळा काही देता आला नाही.

पोर बसली नाही. सर येऊन चाखेपर्यंत तशीच उभी राहिली.