पोटाशी बांधलेले कागद

सकाळी सात वाजता हाफिज टेलर ऑटो घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा मनकर्णा अंगणात भांडी घासत होती. मागच्या सीटवरून सायमा उतरली. सायमा म्हणजे हाफिजची पोरगी, मनकर्णाच्या पुनमची बारावीपासूनची मैत्रीण. ती धावतच आत आली.

"काकू, पुनम कुठी हाय? रात्री कॉलेजच्या साइटवर नोटीस लागली. चंद्रपूरले शेवटचा राउंड आजच हाय. चार वाजताच्या आत ओरिजनल कागद घेऊन हजर राहा लागते."

मनकर्णाने हातातला तांब्या खाली ठेवला. खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता. ज्या बी.एस्सी. नर्सिंगसाठी पोरगी दोन वर्षं मरमर करत होती, त्याची आणखी एक संधी चालत दारात आली होती. पण मनकर्णाच्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो असा, की ही पोरगी सांगायला आलीच कशाला? सायमानेही तोच फॉर्म भरला होता, तिलाही तीच जागा हवी होती. आपल्याच वाटेत आडवं येणाऱ्या माणसाला झोपेतून उठवून गाडीत बसवणारं कोणी मनकर्णाने आजवर पाहिलं नव्हतं. आणि वर ऑटोसुद्धा सोबत आणलेला.

दारात येऊन थांबलेल्या गाडीचा तिला धसकाच होता. चार वर्षांपूर्वी शेजारच्या गुणाबाईच्या दारात अशीच एक गाडी आली होती. तिच्या बुधरीला परराज्यात नर्सिंगला लावून देतो म्हणून एक गोडबोल्या एजंट दहावी-बारावीचे सगळे ओरिजनल कागद घेऊन गेला. तिथलं कॉलेज म्हणजे दोन खोल्या आणि एक पाटी. बुधरी महिन्याभरात परत आली, कागद काही आले नाहीत. तेव्हापासून ती घरीच बसली आहे, कारण कुठेही फॉर्म भरायला गेलं की आधी कागद मागतात. तिला रोज समोरच्या ओट्यावर बसलेली बघून बघून मनकर्णाने मनाशी गाठ मारली होती: पुनमचा एकही ओरिजनल कागद आपल्या अंगावरून दुसरीकडे जाऊ द्यायचा नाही.

अंगावरून म्हणजे अगदी अंगावरूनच. पुनमच्या फायलीत तिने गुपचूप कलर झेरॉक्स भरून ठेवल्या होत्या. खरे कागद एका चपट्या कापडी पिशवीत घालून ती पिशवी गावाबाहेर पडताना ती लुगड्याच्या आत पोटाशी बांधायची. गंमत म्हणजे ही पिशवी हाफिजनेच शिवलेली. "एवढी चपटी कायले पाह्यजे, बाई?" त्याने विचारलं होतं. "बियाणं ठेवाले," ती म्हणाली होती. चपट्या पिशवीत बियाणं कोण ठेवतं, असं त्याने पुढे विचारलं नाही. का विचारलं नाही, याचाही तिला नंतर संशय आला.

नवरा मुखरू नेमका तिच्या उलट स्वभावाचा. लवकर पिकणारा हलका धान कापायला आला होता, तो विळा घेऊन शेतातल्या बांधीकडे निघालाच होता. "हाफिजभाऊ सोताहून आला," तो म्हणाला. "चाल, उशीर नोको करू. विचार बसमध्ये कर."

ऑटोने चामोर्शीच्या बसस्टँडवर सोडलं. हाफिज खाली उतरला. "बाई, दुकानात दिवाळीचे कपडे पडून हायेत, मले येता नाई येत. पण तुमी पोरींसोबत जाऊन राह्यल्या, तं मले काई फिकीर नाई."

एवढा विश्वास टाकणारा माणूस एकतर भोळा असतो, नाहीतर पोचलेला. हाफिज कोणता, हे तिचं अजून ठरलं नव्हतं.

बसमध्ये दोघी पोरी एका सीटवर बसून कुजबुजत होत्या. मनकर्णा मागच्या सीटवरून कान देऊन होती. दोन वर्षं हेच चाललं होतं. गावात रेंज नाही, म्हणून पुनम सीईटीच्या अभ्यासाला चामोर्शीला सायमाच्या घरी जायची. सायमाच्या भावाच्या, नबीलच्या जुन्या मोबाइलवर दोघी प्रश्न सोडवायच्या. तेव्हाही मनकर्णा पोरीला बजावायची, की सायमाने समजावलेलं घरी येऊन पुस्तकात पुन्हा बघत जा, मुद्दाम चुकीचं सांगत असेल. निकालात पुनमला सायमापेक्षा एक मार्क जास्त पडला. मनकर्णाच्या मते तो त्या पुन्हा बघण्याचा होता.

मूलच्या स्टँडवर बस दहा मिनिटं थांबली. मनकर्णाला जायचं होतं, पण बायकांच्या मुतारीत घोट्याएवढं पाणी आणि पोटाशी ताठ कागद बांधलेले. असं बसायचं तरी कसं? ती अवघडून सीटवर परत आली. सायमा म्हणाली, "काकू, काई धरून ठेवाचं असन तं द्या माह्यापाशी."

मनकर्णा चपापली. हिला कसं कळलं?

"काई नाई धराचं," ती म्हणाली आणि पदर पोटावरून घट्ट ओढून घेतला.

कॉलेजात पोचेपर्यंत दीड वाजला होता. व्हरांड्यात पोरी आणि त्यांचे आईबाप दाटीने उभे होते. बोर्डावर यादी लागली होती. जागा फक्त तीन. नावं वरून खाली पुकारणार, प्रत्येक नाव तीनदा. जी हजर नाही तिची जागा खालच्या नावाला. मनकर्णा चौथी शिकलेली. एकेका ओळीवर बोट ठेवत ती खाली आली. सतराव्या नंबरवर पुनम मुखरू बोरकुटे. त्याच्या अगदी खाली, अठराव्यावर, सायमा हाफिज शेख.

म्हणजे पुनम आली नसती तर जागा सायमाला मिळाली असती. मग हिने आणलं कशाला? आणण्यात हिचा फायदा काय? मनकर्णाने उलटं-सुलटं करून पाहिलं, पण गणित काही जुळेना. ज्याचा हिशेब लागतो ते कपट तरी ओळखता येतं. याचा हिशेबच लागत नव्हता, म्हणून तिचा संशय दुप्पट झाला.

दाराशी एक मॅडम फायली तपासत होत्या. पुनमची फाईल त्यांनी उघडली, एक कागद उजेडाला धरला आणि चष्म्यावरून पाहिलं. "ही कलर झेरॉक्स आहे. ओरिजनल कुठे आहेत?"

"हेच ओरिजनल हायेत, मॅडम," पुनम म्हणाली. मॅडमनी दुसरा कागद दाखवला, तिसरा दाखवला. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं.

"हायेत, हायेत," मनकर्णा पुढे झाली. "माह्यापाशी हायेत." आणि भिंतीकडे तोंड करून तिने भर व्हरांड्यात पोटाशी हात घातला. मागे कोणीतरी खुदकन हसलं. पिशवी बाहेर आली, घामाने ओली झालेली.

"आई, तू मलेबी नाई सांगतलं?" पुनमच्या डोळ्यांत पाणी होतं. रागाचं की लाजेचं, कोण जाणे.

"सांगतलं असतं तं तू सायमाले सांगतलं असतं."

सायमा शेजारीच होती. तिने ऐकलं आणि बोर्डाकडे तोंड फिरवलं.

मनकर्णा कागद मॅडमच्या हातात द्यायलाही तयार होईना. पावती देता का? परत कधी देता? कोणाच्या सहीने देता? मॅडम वैतागल्या. "नाव पुकारलं की टेबलावर आणा, पावती मिळेल. आणि दोन झेरॉक्स संच नि तीन फोटो लागतील, ते आणून ठेवा."

नावं सुरू झाली. वरच्या बऱ्याच पोरी आल्याच नव्हत्या. तीन वाजेपर्यंत दोन जागा भरल्या, पंधरा नावं झाली, आणि मॅडम चहाला उठल्या. तेवढ्यात पुनम गेटबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात पळाली. निदान त्या कामाला तरी कलर झेरॉक्स कामी आल्या.

आता व्हरांड्यात मनकर्णा आणि सायमा दोघीच बाकावर. आणि मनकर्णाला आता मुळीच धरवेना. सकाळपासून ती थांबली होती, माणसाच्या पोटाला काही मर्यादा असते. बाथरूम कोपऱ्यावरच होतं. ती आत डोकावून आली: फरशीभर पाणी, दाराला खुंटी नाही, कुठे ठेवायला कोनाडा नाही. ती परत आली, बसली, उठली, गेटाकडे पाहिलं. पुनमचा पत्ता नाही.

शेवटी तिने पिशवी सायमासमोर धरली. "पाच मिनिटं धर. उघडून नोको पाहू."

"नाई पाहत, काकू." सायमाने पिशवी दोन्ही हातांनी घेतली. शिवणीवरून बोट फिरवलं. "ही तं अब्बानं शिवली."

मनकर्णा आत गेली, कडी लावली आणि त्याच क्षणी पस्तावली. आपण हे काय केलं? जिचं नाव पोरीच्या खाली आहे, तिच्याच हातात पोरीचा जीव दिला! भिंतीपलीकडे खुर्ची सरकली. मॅडम आल्या. सोळावं नाव तीनदा झालं, कोणी आलं नाही. मग आवाज आला, "सतरा नंबर. पुनम मुखरू बोरकुटे."

शांतता.

"पुनम मुखरू बोरकुटे, दुसऱ्यांदा."

पुन्हा शांतता. सायमा टेबलापासून चार पावलांवर होती. तिला ऐकू आलं नसेल असं नव्हतंच. मनकर्णाने पदर कसाबसा खोचला, ओल्या हाताने कडी ओढली, कडी अडकली. ती दोन्ही हातांनी दार बडवू लागली. तेवढ्यात बाहेर तिसऱ्यांदा नाव पुकारलं आणि सायमाचा आवाज आला, स्पष्ट आणि मोठा, "हजर हाय, मॅडम!"

कडी निघाली. मनकर्णा अनवाणीच धावत आली. सायमा टेबलासमोर उभी होती, पिशवी उघडी होती, खरे कागद टेबलावर पसरले होते आणि मॅडम लिहीत होत्या.

"चोट्टे!" मनकर्णा ओरडली. "माह्या पोरीची जागा खाऊन राह्यली तू? म्हणूनच आणली आमाले? म्हणूनच ऑटो घेऊन आली?"

मॅडमनी पेन खाली ठेवला. "बाई, ओरडू नका. पुनम बोरकुटेची आई तुम्हीच ना? या मुलीने तुमच्या पोरीची हजेरी लावली. पोरगी बाहेर झेरॉक्सला गेली आहे, कागद हे घ्या, दोन मिनिटं थांबा, म्हणून माझ्या हातापाया पडली. ही गप्प बसली असती तर मी खालचं नाव घेतलं असतं."

खालचं नाव कोणाचं, हे मनकर्णाला कोणी सांगायला नको होतं.

पुनम झेरॉक्स घेऊन धावत आली, सही केली, पावती मिळाली. तिसरी जागा भरली. सायमाने रिकामी पिशवी घडी घालून मनकर्णाच्या हातात दिली आणि बाहेर नळावर तोंड धुवायला गेली. बराच वेळ ती तोंडच धूत होती. मनकर्णाला तिच्यामागे जायचं होतं, पण पाय उचलेना. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणतात, ते तिने त्या दिवशी त्या व्हरांड्यात भोगलं.

परतीच्या बसमध्ये पुनम खिडकीशी बसल्या बसल्या झोपली. मनकर्णा या वेळी सायमाच्या शेजारी येऊन बसली. मूल मागे पडल्यावर ती बोलली.

"सायमा, मी लय वाईट बोलली वो तुले."

सायमा समोर बघत होती. "तुमी काई खोटं नाई बोलल्या, काकू. नोटीस मी रात्रीच पाह्यली होती. सांगाचंच नाई असं ठरवलं होतं. सकाळी अब्बानं विचारलं, पुनमले सांगतलं का? मी नाई म्हणलं, तं त्यानं काई न बोलता ऑटो बोलावला. अन् तिथीबी, दोनदा पुकारलं तवा मी आयकून राह्यली होती. दोन्ही बार. पिशवी माह्या हातात होती अन् माह्या तोंडून आवाज नाई निघाला."

मनकर्णाने तिच्याकडे पाहिलं. म्हणजे आपला संशय अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा संशय खरा निघाला, आणि तिला त्याचं काडीचंही समाधान वाटलं नाही. तिला त्या पोरीसाठीच रडू येत होतं.

"तिसऱ्यांदा बोलली ना?" ती म्हणाली.

सायमाने मान हलवली आणि मग तिचा बांध फुटला. जागा गेल्याचं सगळं रडू तिने मनकर्णाच्या खांद्यावर रडून घेतलं. रडता रडता तिला झोप लागली. तिची प्लास्टिकची फाईल मांडीवरून घसरू लागली, तशी मनकर्णाने ती अलगद उचलली. आत सायमाचे सगळे ओरिजनल कागद होते. पुढल्या वर्षी लागणारे.

पुनमची पावती तिने न वाचताच कनवटीला लावली होती. सायमाचे कागद मात्र तिने एकेक करून चपट्या पिशवीत घातले, पिशवी पोटाशी बांधली आणि वरून पदर ओढून घेतला. चामोर्शीच्या स्टँडवर हाफिज वाट बघत उभा होता. पोरगी त्याच्या हवाली करून, पिशवीची गाठ सोडताना मनकर्णा म्हणाली, "हाफिजभाऊ, सांभाळून ठेवा. कोणाच्या हाती देऊ नोका."