खंडेनवमीचे नऊ व्हॉल्व्ह

त्या पिशव्यांना हात लावू नका म्हणून मी दोनदा सांगितलं. पहिल्यांदा मालकांच्या कानाशी, हळू, चारचौघांत त्यांचा मान राहावा म्हणून. दुसऱ्यांदा मोठ्यानं. तोवर पाहुण्यांनी पहिली पिशवी फाडलीसुद्धा होती, आणि आतला व्हॉल्व्ह उघड्या हातात धरून ते फोटोवाल्याकडं बघून हसत होते.

खंडेनवमी होती. त्या दिवशी लातूरच्या एमआयडीसीत मशीन चालत नाही. लेथ पुसायचे, झेंडूच्या माळा घालायच्या, हत्यारांना हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, पेढा खाऊन घरी जायचं. रेवणप्पा मालकांच्या कारखान्यात मी चौदा वर्षं हेच बघत आले. माझी त्याला काही ना नाही. मी स्वतः सकाळी घरी विळ्याला, खुरप्याला हळदकुंकू लावून एसटीत बसले होते. पण हत्यार वेगळं आणि तयार माल वेगळा. तयार मालाची पूजा आमच्याकडं कधी झाली नव्हती. यंदा पाहुणे आले, म्हणून झाली.

पाहुणे म्हणजे पुण्याच्या एका कंपनीचे मोठे साहेब. सैन्यातून निवृत्त झालेले, ताठ, छान माणूस दिसायला. त्यांची कंपनी म्हणे सैन्यासाठी अंतराळात जाणारं विमान बनवणार, आणि त्याचं काम आम्हाला मिळावं म्हणून मालक आणि त्यांचा पोरगा वीरेश आठ दिवस नुसते नाचत होते. साहेबांनी एका व्हॉल्व्हला कुंकू लावलं. मालकांना त्यावर उमाळा आला. समईची वात सारून आलेल्या त्या तेलकट हातांनी त्यांनी उरलेल्या आठ पिशव्या फाडल्या आणि आठांना हळदकुंकू लावलं. टाळ्या झाल्या. मी भिंतीला टेकून उभी होते. फाटलेल्या पिशव्या मोजत होते.

आमच्या गावात नवऱ्यापासून सगळे म्हणतात, तुळजाबाई लातूरला भांडी घासायला जाते. म्हणू देत. मी व्हॉल्व्ह धुते. सरकारच्या ज्या रॉकेटात माणसं बसून वर जाणार आहेत, त्यांच्या श्वासाचा ऑक्सिजन ज्यातून येणार, ते व्हॉल्व्ह. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात मोजे घालून काचेच्या खोलीत मी ते चार वेळा धुते, वाळवते, जांभळ्या दिव्याखाली धरून बघते, आणि पिशवीत घालून सील करते. पहिल्या दिवशी शिकवायला आलेल्या बाईंनी आम्हाला टीव्हीवर दाखवलं होतं. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनात तेलाचा एक थेंब. भप्पकन पेटला, आणि लोखंडाची नळी कागदासारखी जळाली. त्या रात्री मला जेवण गेलं नव्हतं. तेव्हापासून मी हाताला तेल लावून वेणीसुद्धा घातली नाही, रविवार सोडून.

प्रत्येक पिशवीत एक कार्ड असतं. त्यावर तीन सह्या. पहिली लेथवाल्या ग्यानोबाकाकांची, दुसरी मापं घेणाऱ्याची, तिसरी माझी. माझ्या सहीनंतर तो व्हॉल्व्ह रॉकेटाच्या लोकांनीच उघडायचा, मध्ये कुणी नाही. हे मालकांना माहीत नव्हतं असं कुणी म्हणत असेल तर त्यानं माझ्यासमोर येऊन म्हणावं.

पूजेनंतर साहेबांनी भाषण केलं. ते म्हणाले, माणसं नेणारी सरकारी रॉकेटं आता थोड्या दिवसांची पाहुणी. बाहेरच्या देशांत सैन्याचं विमान वर जातं, वर्ष-दोन वर्षं घिरट्या घालतं आणि धावपट्टीवर उतरतं. पुन्हा जातं. एकदा वापरून समुद्रात टाकायचं रॉकेट कशाला? उद्या त्याच विमानात माणसं बसतील. मालक इतक्या जोरात मान हलवत होते की त्यांचा फेटा सैल झाला.

साहेब गेल्यावर पंगत बसली. वीरेश आमच्यातच पुरी खायला बसला आणि तेच भाषण पुन्हा सुरू केलं. मी गप्प बसणारी नाही.

"वीरेशसाहेब, ते इमान दोन वर्षं वर ऱ्हातंय म्हणता. कसकाय ऱ्हातंय?"

"आत माणूस नसतो ना, मावशी."

"मंग? माणूस न्हाई म्हणून ऱ्हातंय. त्याला भूक न्हाई, तहान न्हाई, दम लागत न्हाई. माणूस बसवला की हवा द्यावी लागंल, पाणी द्यावं लागंल, आन खालून आग लागली तर निसटायला वाट द्यावी लागंल. येवढं सगळं घातल्यावर ते तेच इमान ऱ्हाईल का?"

"नवीन डिझाइन करतील."

"मंग त्याला बी व्हॉल्व्ह लागतील. आन ते बी धुवावेच लागतील की."

ग्यानोबाकाका खाली मान घालून हसले. वीरेशला ते लागलं.

"सैन्याचं काम पटापट होतं, मावशी. एवढी कार्डं, एवढ्या सह्या, एवढी तपासणी, काही नसतं तिथं."

"तेच म्हणून राहिले मी. सैन्याचं काम झाकलेलं. बरोबर बी आसंल, त्यांचं त्यांना माहीत. पण त्यात बसलेलं माणूस गेलं, तर कशानं गेलं हे त्याच्या आईला तरी कुणी सांगंल का? हितं कार्ड हाय. कार्डावर माझं नाव हाय."

"तुमचं नाव," असं म्हणून वीरेश हसला आणि ताक मागून घेतलं. मी पुरीचा तुकडा मोडला. पंगतीत कशाला भांडायचं.

दसऱ्याची सुट्टी संपवून कामावर गेले, तर ते नऊ व्हॉल्व्ह माझ्या टेबलावर. कोरड्या फडक्यानं पुसलेले. शेजारी नऊ नव्या पिशव्या आणि नऊ जुनी कार्डं, माझ्या सह्या असलेली. वीरेश म्हणाला, भरा आणि सील करा, शुक्रवारी गाडी येतेय.

मी म्हटलं, सील तुटलं की रॉकेटवाल्यांनी नेमलेल्या तपासणीच्या साहेबांना कळवायचं, नियम आहे. तो म्हणाला, कळवलं तर तीन आठवडे जातात, आणि पुण्याच्या साहेबांना कळलं तर आमचं नवं काम गेलं. मी म्हटलं, बरं, आधी धुऊन तर बघू. धुतले. एकदा नाही, तीनदा. मग खोलीतला अंधार करून जांभळा दिवा लावला. त्या दिव्याखाली तेल असलं तर चमकतं, हे मला माहीत होतं. हळद कशी चमकते ते मी कधी बघितलं नव्हतं. नऊपैकी चार व्हॉल्व्हांत, आट्यांच्या तळाशी, जिथं ब्रशचा केसही पोचत नाही, तिथं पिवळंजर्द पेटल्यासारखं दिसत होतं. मी वीरेशला आत बोलावलं. त्यानं वाकून बघितलं, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. त्याला समजलं होतं. शिकलेला पोरगा आहे, न समजायला काय झालं.

सरळ होऊन त्यानं दिवा बंद केला.

"मावशी, हे रॉकेट उडणारच नाहीये. साहेब काय म्हणाले, ऐकलं ना? पाच-सात वर्षांत सगळं त्या विमानावर जाणार. हे व्हॉल्व्ह कुठंतरी गोदामात पडून राहतील. जे उडणारच नाही त्यासाठी कशाला आमच्या पोटावर पाय देता?"

चौदा वर्षांत मी त्या घरच्या कुणाला उलट शिवी दिली नव्हती. त्या दिवशीही दिली नाही, पण ओठावर आली होती. अरे, तुझं विमान येईल तेव्हा येईल. आज त्या रॉकेटात बसायला चार माणसं तालीम करत आहेत, टीव्हीवर त्यांची तोंडं दाखवतात, त्यांची लेकरं दाखवतात. ती बसणार या भरवशावर की लातुरात कुणीतरी नीट धुतलंय. आणि हा म्हणतो उडणार नाही.

"उडू दे न्हाईतर न उडू दे," मी म्हटलं, "माझ्या सहीखाली हळद जाणार न्हाई."

"मग सही आहेच की कार्डावर. तुम्ही फक्त भरा."

मी पेन घेतलं आणि नऊच्या नऊ कार्डांवर माझ्या सहीखाली लिहिलं: 'खंडेनवमीला सील तोडले. हळद-कुंकू, तेल लागले. चारात अजून दिसते.' तारीख घातली. ती कार्डं तपासणी संस्थेनं नंबर छापून दिलेली असतात. कार्ड फाडलं की तो व्हॉल्व्ह बाद. म्हणून वीरेशला ती फाडताही येईनात. तो जोरात दार आपटून बाहेर गेला. शुक्रवारची गाडी त्या नऊ व्हॉल्व्हांविना गेली, आणि तपासणीच्या साहेबांना कळवावंच लागलं.

रविवारी मालक स्वतः आमच्या गावी आले. आम्ही सोयाबीन काढत होतो. बांधावर गाडी थांबली, हातात सफरचंदांची पिशवी. मालक माझ्या नवऱ्याला, बजरंगला, 'पाटील' म्हणाले. आमच्या सात पिढ्यांत कुणी पाटील नव्हतं.

"तुळजाबाई, तुमी मला भैनीसारख्या," मालक म्हणाले. "बुधवारी तपासणीचे साहेब येऊन राहिले. कार्डावर लिवलंच हाय, ते काय आता पुसत न्हाई. पण म्या लावलं म्हणून सांगितलं तर कारखान्याचं लायसन जातंय. तुमी म्हणा, म्या लावलं. भाबडेपणानं. बाईमाणूस, सणाचा दिवस. तुमाला कोण काय म्हणणार? तुमच्या नोकरीची जिम्मेदारी माझ्याकडं. ऱ्हाईली म्हणूनच समजा."

"आन न्हाई म्हणलं तर?"

मालकांनी सफरचंदांची पिशवी सोयाबीनच्या ढिगावर ठेवली. मग म्हणाले, "मंग माझा बी इलाज न्हाई."

ते गेल्यावर बजरंग म्हणाला, "म्हणून टाक की. दोन शब्दानं काय झिजतंय? आपल्या ऋतुजाच्या बारावीचं वर्ष हाय." तो वाईट माणूस नाही. पण चौदा वर्षं ज्याला भांडी घासणं वाटलं, त्याला मी काय सांगणार. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही, त्याच्या ताटात भाकरी मात्र वाढत राहिले.

बुधवारी मालकांच्या केबिनमध्ये तपासणीचे साहेब बसले होते. हैदराबादचे, तुटकं मराठी बोलणारे, चष्मेवाले, शांत गृहस्थ. नऊ कार्डं त्यांच्यासमोर पत्त्यांसारखी मांडलेली. मालक, वीरेश, आणि दाराजवळ ग्यानोबाकाका. साहेबांनी आधीच कागद लिहून घेतला होता, मालकांनी सांगितलं तसा. मालकच वाचून दाखवायला लागले, तर मी म्हटलं, द्या इकडं, मला येतं वाचता.

वाचलं. 'अशिक्षित महिला कामगाराने अज्ञानातून व श्रद्धेपोटी तयार मालावर हळद-कुंकू वाहिले.' खाली माझ्या सहीसाठी रेघ.

मी दहावी पास आहे. अठ्ठावन्न टक्के. गणितात सत्तर होते.

"म्या लावलं न्हाई," मी म्हटलं.

साहेबांनी चष्मा काढला. "तो कौन? कोणी लावला, बाई?"

मी मालकांकडं बघितलं नाही. मी ग्यानोबाकाकांकडं बघितलं. पूजेच्या वेळी काका माझ्यासोबत भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी सगळं बघितलं होतं. त्यांच्या निवृत्तीला अडीच वर्षं राहिली होती. काकांनी बुटांकडं बघितलं. मला त्यांचा राग आला, अजून येतो, आणि पुन्हा वाटतं की त्यांच्या जागी मी असते तर माझीही मान वर राहिली असती का, देव जाणे.

"कोणी लावलं ते इथं सगळ्यास्नी माहीत हाय," मी म्हटलं. "त्या दिवशीचे फोटो निघालेत, साहेब. मालकांनी पुण्याच्या पाहुण्यास्नी पाठवलेत. मागवून घ्या."

 वीरेशनं डोळे मिटले. साहेबांनी कागद माझ्याकडून परत घेतला, त्यावर आडवी रेघ मारली, घडी करून खिशात घातला. मग एकेक कार्ड उचलून त्यावर लाल शिक्का मारायला लागले. नऊ वेळा. बाद, बाद, बाद. शेवटचं कार्ड हातात घेऊन ते थांबले, माझं लिहिलेलं पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "अक्षर चांगला आहे." तेवढंच. मालक माझ्याकडं न बघता म्हणाले, "उद्यापासून येऊ नका, बाई. हिशोब घरी पोचता करतो."

मी टोपी काढली, मास्क काढला, मोजे काढले आणि नेहमीच्या डब्यात टाकले. काचेच्या खोलीत नवी पोरगी गीतांजली एकटीच उभी होती, तोंड एवढंसं करून. तिला म्हटलं, कुणीही सांगितलं तरी दिवा लावल्याशिवाय सही करायची नाही. ती हो म्हणाली. करील का, माहीत नाही.

दुपारी अडीचची अहमदपूर गाडी रिकामी असते, हे मला त्या दिवशी कळलं. कंडक्टर रोजचाच, गुरुलिंग. तिकीट फाडता फाडता म्हणाला, "आज लवकर सुटलात, बाई? तब्येत बरी हाय न्हवं?"

"हाव. बरी हाय."

"उद्या जागा धरून ठेवू का? सकाळी लई गर्दी व्हायलीय, बाजाराचा दिवस."

मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "नको. उद्याची जागा दुसऱ्या कुणाला दे."