उजव्या कौलाची डबी

मी औषधाची डबी बोलतेय. पांढरी, प्लास्टिकची, लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून दाबून फिरवायचं झाकण असलेली. मोठ्यांनाही ते एका झटक्यात उघडत नाही, पण त्याबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही. सध्या रुग्णालयातल्या एका बंद कपाटात माझा मुक्काम आहे. परत आलेल्या रिकाम्या डब्या इथे ठेवतात आणि मग जाळायला पाठवतात. त्याआधी जे पाहिलं ते सांगून टाकते.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात साच्यातून झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पुढे माझ्यात गुलाबी गोळ्या भरल्या आणि अंगावर कागद डकवला. त्यावर कोणाचं नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. औषधाच्या चाचणीत असंच असतं. माणसांनाही तिथे क्रमांकच देतात. पण इकडची, कोकणातली माणसं बाकावर शेजारी बसली की आधी एकमेकांचं गाव विचारतात, आणि क्रमांक तिथेच संपतो.

चाचणी डोळ्यांच्या औषधाची होती. एड्समुळे माणसाची प्रतिकारशक्ती फार खालावली, की एरवी अंगात गप्प पडून राहणारा एक विषाणू डोळ्याच्या पडद्यावर चढतो. दुखत नाही, लाल होत नाही. दिसणं तेवढं कोपऱ्याकोपऱ्यातून पुसलं जातं. त्यावर औषध आहे. ते सुईने डोळ्यात द्यावं की गोळीने पोटात, कशाने नजर जास्त टिकते, हे डॉक्टरांना पाहायचं होतं.

मी सुगंधाच्या वाट्याला आले. ती वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्यात गर निवडायची. अख्खे एकीकडे, पाकळ्या दुसरीकडे, तुकडे तिसरीकडे. हे काम नजरेचं. तिचा डावा डोळा आधीच गेला होता. मोतीबिंदू असेल म्हणून तिने दिवस काढले, आणि आता उजव्यातही विषाणू शिरला होता. एड्स तिला कुठून झाला, ते मी ऐकलेलं नाही. शेजारणींनी मात्र न विचारताच ठरवून टाकलं होतं.

चाचणी समजावून सांगायचं काम विनीतकडे होतं. जामसंड्याचा मुलगा, शिकलेला, मनाने चांगला. कोणाला सुई आणि कोणाला गोळी हे डॉक्टर ठरवत नाहीत, संगणक कोणालाही काहीही देतो, असं त्याने नीट पुस्तकी मराठीत सांगितलं. सुगंधाने प्रत्येक वाक्याला "हो" म्हटलं. कचेरीत बसलं की इकडची माणसं सगळ्यालाच हो म्हणतात. विनीतलाही ते ठाऊक होतं. म्हणून त्याने सोपं करून सांगितलं, "देवळात कौल लावतात ना, तसं समजा."

आता कौल म्हणजे काय, हे सुगंधाला सांगावं लागत नव्हतं. गुरव देवाच्या मूर्तीवर फुलाच्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट पाहतात. उजवी कळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. संगणकाने सुगंधाला गोळी दिली. गोळी म्हणजे उजवा कौल, असं तिने धरलं आणि तिचा चेहरा उजळला. बाहेर येऊन तिने मला कपाळाला लावलं. तोवर मला कोणी कधी नमस्कार केला नव्हता.

बाकावर गुरुदास बसला होता. आंबोलीत रस्त्याकडेला त्याची चहाची टपरी, वयाने सुगंधापेक्षा लहान. त्याला सुई मिळाली होती. दर सोमवारी डोळ्यात सुई घ्यायची या कल्पनेनेच त्याने हातातला चहा तसाच थंड होऊ दिला होता. सुगंधाचाही वार सोमवारच. दोन-तीन भेटींत ती त्याला धाकटा भाऊ मानू लागली. आणि एका सोमवारी तिने पिशवीतून कागदाची पुडी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"माका उजवो कौल मिळालो, तुका डावो," ती म्हणाली. "देवान दिल्लो प्रसाद एकट्यान खाव नये. ह्यो घे."

सकाळच्या गोळ्या ती स्वतः घ्यायची. संध्याकाळच्या पुडीत बांधून ठेवायची. गुरुदासने पहिल्यांदा नको म्हटलं, मग घेतल्या. सुईही चालू, गोळ्याही चालू. मी मात्र दर भेटीला अगदी रिकामी परत जायची आणि पुन्हा भरून निघायची. विनीत मला उलटी करून बघायचा आणि खूश व्हायचा. रिकामी डबी म्हणजे शहाणा रुग्ण, असा त्यांचा हिशेब. मला तोंड आहे, पण ते बाहेरूनच उघडतं. त्या काळात मला माझी पहिल्यांदा चीड आली.

मग एका सोमवारी चाचणीच्या डॉक्टर दीपिकांनी सुगंधाच्या डोळ्यात थेंब घालून पडदा पाहिला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. आजार पुढे सरकला होता. त्याच दिवशी गुरुदास तापाने फणफणत आला. त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार घटल्या होत्या. डॉक्टरांना कोडं पडलं. डोळ्यात दिलेलं औषध डोळ्यातच राहतं, ते रक्ताला हात लावत नाही. पेशी घटवतात त्या गोळ्या. त्यांनी गुरुदासला विचारलं. एवढा ताप असाच राहिला तर जिवावर बेतेल, हे त्या त्याला सांगत असताना सुगंधा दारातून आत आली.

"मियां दिलंय तेका," ती म्हणाली. "माझ्या वाटणीच्यो."

तिने सगळं सांगितलं. उजवा, डावा, प्रसाद. विनीत भिंतीला टेकून उभा होता. त्याची पुस्तकी मराठी त्या वेळी कुठे गेली कोण जाणे.

"सुगंधाबाय, कौलात देवाक ठावक आसता," तो म्हणाला. "हयसर आमकांच ठावक नाय. सुई बरी काय गोळी बरी, म्हणान तर आमी बघतव."

सुगंधाने त्याच्याकडे उरलेल्या डोळ्याने पाहिलं. आवाज न चढवता तिने कारण विचारलं, "मगे तुमी कौल कित्याक म्हणालात?"

 

सुगंधा आणि गुरुदास, दोघांनाही चाचणीच्या निकालातून वगळलं, पण उपचार थांबवले नाहीत. गुरुदासला दाखल करून घेतलं, काही दिवसांनी त्याचा ताप उतरला. सुगंधा पूर्ण गोळ्या घेऊ लागली आणि आजार जागच्या जागी थांबला. जेवढं पुसलं गेलं तेवढं मात्र परत आलं नाही. उजव्या डोळ्याने खालच्या बाजूचं आता तिला दिसत नाही. समोरच्या ताटातले गर बघायला ती हनुवटी छातीला टेकवते. नव्या बायका हसतात. तिचे तुकडे आणि पाकळ्या अजून मिसळत नाहीत, पण हात पूर्वीसारखा भरभर चालत नाही.

मला राग कोणाचाच नाही. वाटून खाणाऱ्या बाईचा कसा यावा? पण जाता जाता एक मागणं आहे. माझ्यासारख्या डबीतलं औषध ज्याचं असेल त्यानेच घ्यावं. आणि समजावणाऱ्यांनी, आपल्याला ठाऊक नसेल तर "ठाऊक नाही" एवढंच सरळ म्हणावं.

परवा सुगंधा मला शेवटची परत करायला आली. बाकावर गुरुदास होता, विनीतही येऊन बसला. "सगळ्यो मियाच खाल्लंय. कोणाक एक दिलंय नाय," तिने सांगितलं. विनीतने या वेळी मला उलटी करून पाहिलं नाही.

मग तिने पिशवीतून काजूच्या तुकड्यांची पुडी काढली. ती उघडली, आणि पुढे करताना हात मध्येच थांबवला.

"हे वाटूक चलतत मा?"

आधी विनीतने हात पुढे केला, मग गुरुदासने. तिने दोघांना मूठ मूठ दिली आणि उरलेले तुकडे, हनुवटी छातीला टेकवून, स्वतःच्या तळहातावर नीट पाहून घेतले.