राजाला हाक

जनावरांच्या डॉक्टरांनी मावशींच्या पिशवीत डोकावून पाहिलं आणि वरचे दोन खडे काढून टाकले.

"एवढ्याशानं त्याच्या अंगावरची माशीसुद्धा उठणार नाही, मावशी. मुठीएवढे घ्या."

मावशी मुकाट्याने वाकल्या. अभयारण्यातल्या अनाथ पिल्लांच्या केंद्रात त्यांचं निम्मं आयुष्य मुकाट्यानेच गेलं होतं. तिथला नियमच तसा होता. तोंडाला फडकं बांधायचं आणि पिल्लासमोर चकार शब्द काढायचा नाही, कारण माणसाच्या आवाजाला सोकावलेलं जनावर रानात टिकत नाही. पण दोन-तीन हिवाळ्यांपूर्वी आणलेलं अस्वलाचं पिल्लू बाटलीला तोंडच लावेना. पार वाळून चाललं. मग एका दुपारी, आसपास कोणी नाही असं पाहून, मावशी कुजबुजल्या, "उगी, राजा. पी रे माझ्या राजा." आणि राजा घटाघटा प्यायला! मावशींना कोण आनंद झाला. पुढे रोजच कुजबुज सुरू झाली.

आता तोच राजा चांगला दांडगा होऊन रानात गेला होता, पण बोलण्याचा कानोसा घेत वस्तीत शिरायचा. काल तो शाळेच्या फाटकाशी जाऊन बसला. कोणाला काही केलं नाही, तरी लोकांनी बंदुका काढल्या. तेव्हा मावशींनी डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. जीव लावता लावता आपणच त्याच्या जिवावर उठलो, हे त्यांना खात होतं. डॉक्टर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"पकडला तर जन्मभर पिंजरा," एवढंच ते म्हणाले होते. "नाहीतर त्याला माणसाच्या आवाजाची धास्ती बसली पाहिजे. आणि ती तुमच्याच आवाजाची बसायला हवी."

ओढ्याकाठी उभं राहून मावशींनी हाक मारली.

"ये रे, राजा!"

झुडपं हलली. तो धावतच आला, समोर फतकल मारून बसला आणि घशातल्या घशात गुणगुणू लागला. बाटली पितानाही तो असाच गुणगुणायचा.

पहिला दगड नाकाडावर बसला. तो हलला नाही. मावशींचा हात चुकून लागला असावा, अशा समजुतीने मान कलती करून बघत राहिला.

"गप्प राहू नका," मागून, गाडीतून डॉक्टर म्हणाले. "बोलत बोलत मारा."

"उगी, राजा!" मावशी रडत ओरडल्या आणि दुसरा दगड भिरकावला. मग पिशवी रिकामी होईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. शेवटी तो विव्हळत पळाला. ओढ्यापलीकडे जाऊन त्याने एकदा वळून पाहिलं. मावशींनी पुन्हा हाक मारली, तसा जीव घेऊन रानात शिरला.

"वाचला," डॉक्टर म्हणाले.

घरी तान्हा नातू रडून लालबुंद झाला होता. सुनेने त्याला मावशींच्या हातात दिलं.

"घ्या बाई याला, आई. तुमचा आवाज ऐकल्याशिवाय गप्प व्हायचा नाही."

मावशींनी नातवाला छातीशी धरलं आणि खोलीत येरझाऱ्या घालू लागल्या. तो रडतच होता.

"अहो, बोला ना काहीतरी त्याच्याशी," सून म्हणाली.

मावशी नुसत्या थोपटत राहिल्या.