खंडेनवमीनंतरची बॅच

खंडेनवमीला त्र्यंबक सरांनी प्रयोगशाळेतल्या यंत्रांची पूजा केली, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांच्या पीएच.डी.च्या विद्यार्थिनीचे, क्षिप्राचे, कण असे उजळले की मानपाड्याच्या त्या कॉलेजचे प्राचार्य स्वतः अंधाऱ्या खोलीत बघायला आले.

कृती जुनीच होती, दोन वर्षं घोटलेली. पिवळा पॉलिमर द्रावकात विरघळवायचा आणि ते द्रावण सिरिंजने एका झटक्यात पाण्यात सोडायचं. पॉलिमरला पाणी सोसत नाही. तो अंग चोरून घेतो आणि त्याचे डोळ्यांना न दिसणारे नॅनोकण होतात. यूव्ही दिव्याखाली ते हिरवट पिवळे चमकतात. आजवर नुसते मिणमिणत होते.

"काय हात लागलाय गं तुझा!" सर म्हणाले. "पेपर लिहायला घे. पहिलं नाव तुझं."

पेपर छापून आल्याशिवाय सर तिला प्रबंध सादर करू देणार नव्हते. कळव्याच्या घरी 'अजून किती?' असं विचारणंही आता सगळ्यांनी सोडलं होतं.

पेपर पाठवण्याआधी तिने एक राहिलेली तपासणी केली. पॉलिमर न घालता नुसतं द्रावक पाण्यात सोडलं. कुपीत अंधार दिसायला हवा होता. कुपी हिरवीगार उजळली.

तिने द्रावकाची तपकिरी बाटली खिडकीशी धरली. तोंडाच्या कडेवर पूजेची हळद वाळली होती. सरांनी यंत्रांबरोबर बाटल्यांनाही बोटं लावली होती. ओतून झालं की शेवटचा ओघळ ती हळद घेऊन आत परतत होता. पॉलिमरच मुळात पिवळा, त्यामुळे रंगावरून कुणाला शंका आली नव्हती.

"सर, चमकतेय ती हळद आहे."

"कसली हळद?"

"पूजेची. बाटलीच्या तोंडाला लागलेली."

"म्हणजे आता पूजाच नडली का तुला?" सर हसले. मग हसणं थांबलं. "हे बघ, कण झालेत ना? आकार मोजलास ना?"

"कण आहेत. चमक त्यांची नाही. नव्या बाटलीतून पुन्हा करते."

"नव्या बाटलीतून काय येतं ते दोन वर्षं बघितलंय मी."

"मग माझं नाव नको त्यावर."

"बरं," सर म्हणाले. तिला वाटलं होतं, निदान वाद घालतील.

पेपर गेला तेव्हा पहिलं नाव सलिलचं होतं. सलिल कोपरीचा, तिच्यानंतर पीएच.डी.ला लागलेला, सरळ मुलगा. महिनाभराने तो तिच्या टेबलाशी आला.

"ताई, पेपरच्या परीक्षकांनी नुसत्या द्रावकाची तपासणी मागितलीय."

"ज्या बाटलीतून बॅच केली तीच घे."

"ती सरांनी काल ओतून टाकली ना. ही नवी दिलीय." बाटलीचं सील तो नखाने खरवडत होता.

"का टाकली, सांगितलं?"

"हो. तुझ्या हातून हळद लागलेली म्हणाले." तो ओशाळला. "होतं गं असं. टेन्शन नको घेऊ. सर म्हणाले, बॅचला काही झालेलं नाही. हीच वापरू ना मग?"

तिच्या मनात आलं, याला सगळं सांगावं, तर हा सरळ सरांनाच जाऊन विचारेल. आणि प्रबंधावर सही सरांचीच लागणार होती.

"वापर," ती म्हणाली. "काळाकुट्ट अंधार येईल. परीक्षकांना हवा तसा."